कडुनिंबाची वाकडी रांग

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. बुलढाण्याच्या माळावर आमची वसाहत उभी राहत होती. एका सकाळी आमच्या फाटकासमोर मोजणीची फीत धरून उभे असलेले गृहस्थ म्हणाले, "वहिनी, इथं कडुनिंब येईल. भांड्याचं धुवण त्यालेच घालत जा, पाणी वाया नाई जाणार." काटकसरीची माणसे मला लगेच आपली वाटतात. निवृत्त ओव्हरसियर भाऊसाहेबांची ही पहिली ओळख. पुढे झाडांच्या वर्गणीचा हिशेब त्यांनी विश्वासाने माझ्याकडे सोपवला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटपट्टीने आखावी तशी रोपे लागली. फक्त कोपऱ्यावरच्या खड्ड्यात रोप राहीना. उपटलेले नसे, अलगद काढून, मुळांना ओले फडके गुंडाळून कडेला निजवलेले असे. दुसरे लावले, तेही तसेच. बायका तिकडून जाईनाशा झाल्या. मी पोथी वाचून अंगारा टाकून आले, तरी तिसरे रोप तसेच मिळाले.

मग भाऊसाहेब स्वतः भर दुपारी छत्री घेऊन तिथे बसले. माळावर चिटपाखरू नव्हते. मी ओसरीवरून पाहत होते; त्या शांततेत बोलणेही ऐकू येत होते. पलीकडच्या वाडीतल्या एक म्हाताऱ्या आजी आल्या, त्यांच्यासमोरच खाली बसल्या आणि रोपाभोवतीची माती हाताने उकरू लागल्या.

"काऊन काढता, माय?" भाऊसाहेबांनी हळूच विचारले.

"माही पोरगी हाये थेथ, साहेब. बारशाच्या आंधीच गेली. मुळं टोचतीन तिले."

तान्ही लेकरे दहन करत नाहीत, पुरतात. वाडीची लेकरे या माळावर होती आणि नकाशात माळ कोरा होता.

दुसरा कोणी असता तर तो एक खड्डा सरकवून मोकळा झाला असता. भाऊसाहेबांनी विचारले, "अजून कुठं कुठं, माय?" आजी उठल्या. पुढे त्या, मागे भाऊसाहेब. त्या थांबत, पायाने जागा दाखवत, कोणाचे ते सांगत. एकेका नव्या घरापुढे थांबत थांबत त्या आमच्या फाटकाशी आल्या. तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. माझ्या हातातले सूप तसेच राहिले.

आठवडाभरात खड्डे सरकले, रांग वाकडी झाली. आमच्या फाटकाशी येऊन मला ते एवढेच म्हणाले, "सडा टाकताना इथं ऊन पाणी नका टाकू, वहिनी."

समोरचे वकीलसाहेब चारचौघांत हसले, "काहो भाऊसाहेब, जलमभर रस्ते आखले अन् झाडं पिऊन आल्यावानी उभी केली?"

"फीतच झिजली होती माही," भाऊसाहेब म्हणाले. लेकुरवाळ्या घरांना भीती वाटू नये म्हणून त्यांनी हा बट्टा आपल्या हुशारीवर इतकी वर्षे घेतला. या लेखात हे लिहू का, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "लिहा आता. घरोघरी लेकरं मोठी झाली, समजतीन सारे."

आजी वारल्या. वाडीही उठली. कोणते लेकरू कोठे आहे हे आता एकट्या भाऊसाहेबांना ठाऊक. तिन्हीसांजेला फेरीत ते मोकळ्या जागांशी थांबतात, ओठ हलतात. परवा आमच्या फाटकाशी म्हणाले, "वहिनी, कोणाले तरी सांगून ठेवा लागीन."

मी म्हटले, "आत्ताच नको, भाऊसाहेब."

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या या थोर माणसाला देवाने इतके निरोगी आयुष्य द्यावे, की ते सांगण्याची वेळ पुष्कळ पुष्कळ वर्षे येऊ नये.