रुखवतातली काळी वेल

माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, सुईदोरा सोडून दुसरं काही हातात धरता येत नव्हतं. कात्री दिली की गोलाचा बटाटा करायची. आणि तिचं लग्न ठरलं सोनगीरला, जिथल्या बायका म्हणे आधी रुखवत बघतात, मग नवरी.

मग काय, सगळं माझ्या गळ्यात पडलं. मी बारावीला होते, पण त्याची पर्वा कोणाला? ऐंशीचं दशक सरत आलं होतं, जळगावात आमच्या गल्लीत हौसेनं कागदकाम करणारी मीच एक वेडी. दोन महिने जुन्या लग्नपत्रिका कापत बसले. त्यांची झुंबरं झाली, मोर झाला, तुळशीवृंदावन झालं. बारा रंगांच्या स्केचपेनांनी एकेका पाकळीला छटा दिली. पेन सुकलं की त्यात पाण्याचे दोन थेंब टाकून आणखी चार फुलं काढायची. शेवटी शेवटी लाल इतका फिका पडला, की गुलाबांची अबोली झाली. अक्का शेजारी मुकाट्यानं एक टेबलक्लॉथ भरत होती. पांढऱ्यावर गुलाबी फुलं. वर्षभर तिचं तेवढंच चाललं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आईनं मला रुखवतापुढे ठेवायची पाटी लिहायला सांगितली. मजकूर ऐकून माझं डोकंच फिरलं. ‘सर्व वस्तू वधूने स्वहस्ते केल्या आहेत.’ मी म्हटलं, कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव तरी टाकू दे. आई म्हणाली, रुखवत नवरीचंच असतं, तशी रीत आहे, तुझ्या लग्नात टाक तुझं नाव. माझ्या लग्नात रुखवत करणार कोण होतं, अक्का?

वडील पाइपच्या कारखान्यात होते. पाइपांवर मापं टाकायचा काळा मार्कर त्यांच्या खिशात कायम असायचा. तो घेतला, मागच्या खोलीतल्या टेबलावर कागद ठेवला आणि सगळा राग त्या अक्षरांवर काढला. एकेक अक्षर तीन-तीनदा गिरवलं. जाड कार्डशीट मोरातच संपली होती, म्हणून कागद साधाच होता.

पाटी उचलली. खाली अक्काचा टेबलक्लॉथ होता, इस्त्री करून पसरलेला. त्यावर काळ्याकुट्ट ठिपक्यांची ओळ उमटली होती. अख्ख्या रुखवतात नवरीनं खरोखर केलेली एकच वस्तू, आणि तीच मी घालवली होती. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. जळगावच्या उन्हात वर्षानुवर्षं न उडणारी शाई ती, लिंबाला काय दाद देणार?

अक्का आत आली. तिला बघून मला रडूच फुटलं. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं, तिचेही डोळे भरले. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "रडून काय होणार आहे? त्याची वेल कर. तुला येते."

संध्याकाळपर्यंत मी त्याच मार्करनं एकेका ठिपक्याचं पान केलं, पानांना देठ जोडले. गुलाबी फुलांमधून एक काळी वेल सरसर गेली.

दुसऱ्या दिवशी नवरदेवाची आत्या चष्मा सावरत रुखवतावरून फिरली. मोर बघितला, झुंबरं बघितली, मान डोलावली. टेबलक्लॉथपाशी मात्र थांबली. तिनं अक्काला बोलावून घेतलं आणि त्यांच्या बोलीत विचारलं, "बठ्ठं भारी शे. पन हाई येल कोनी काढी?" बठ्ठं म्हणजे सगळं.

"वेल माझ्या बहिणीनं काढली," अक्का म्हणाली. "बाकी बठ्ठं मी."

मी तोंड उघडणार, तोच अक्कानं साडीच्या आडून माझा पाय दाबला. आत्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मायेनं बजावलं, की वेल चांगली जमली हो पोरी, पण सासरी जायच्या आधी थोडं कागदकामही शिकून घे बहिणीकडून.

मी हो म्हणाले. काय करणार, समोरची पाटी माझ्याच अक्षरातली होती.