लोकर दाखवायला गेलो होतो

शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यात इटलीतल्या एका शहरात आम्हाला लोकरीची गिरणी दाखवणार होते. कागदावर तसं छापलेलं होतं. बस थांबली ती जुन्या किल्ल्यासमोर. "गिरणी आज बंद आहे," असं सांगून दौऱ्याचे साहेबच आधी खाली उतरले आणि खंदकाकडं पाठ करून फोटो काढत बसले.

किल्ल्याचं आता संग्रहालय केलंय. आत काय, तर गंजक्या तलवारी, नाक तुटलेले दगडी संत आणि काचेच्या पेटीत एक मोडकं कुलूप. असली कुलपं जवळा बाजारचा भंगारवाला किलोवर घेतो. पण आमचे बागायतदार कुलपासोबतही फोटो काढत होते. यांना औंढ्याच्या देवळाची भिंत कधी नीट बघायला सवड झाली नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, अकलेला तरी असावं.

माझ्या पिशवीत आमच्या मेंढ्यांची लोकर होती, काळी अन् जाडीभरडी. आमच्या गावात, साखऱ्यात, ती आता फुकटसुद्धा कोणी नेत नाही. कातरायची आणि बांधावर फेकायची. बायकोनं ती धुऊन, एकेक कुसळ वेचून दिली होती. म्हणाली होती, "गिरणीवाल्याच्या हातात द्या. काई बनत असंल तर इचारा. न्हाई बनत म्हणला तर इकू मेंढरं, मी आडवी येणार न्हाई."

वरच्या दालनात चिलखताखाली घालायचा एक जाड अंगरखा होता. उसवलेल्या शिवणीतून आतली लोकर दिसत होती. काळी, जाडीभरडी, थेट आमचीच. मी पिशवी उघडली आणि साहेबांना म्हणालो, "त्या दारातल्या पहारेकरी बाईला इचारा बरं, असली लोकर इथं अजून कोणी घेतं का?"

"काका, आत ठेवा ते. वास येऊन राहिला," साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही दात काढले. साहेबांपेक्षा त्या हसण्याचीच मला आज जास्त किळस येते.

लोकर हॉटेलच्या कचऱ्यात टाकली. घरी बायकोनं विचारलं, "काय म्हणला गिरणीवाला?" खरं सांगितलं असतं, तर माझं हसणंही सांगावं लागलं असतं.

"काईच बनत न्हाई म्हणला."

पुढच्या बाजारी आम्ही मेंढ्या विकल्या. परत येताना तिनं मेंढ्यांचे पैसे मोजून माझ्या हातात दिले. मग म्हणाली, "तुमी इतक्या लांब जाऊन इचारलं तरी. दुसऱ्या कोणी इचारलंबी नसतं."