हुंकाराला गुण नाहीत

आमच्या भागात कोणी गोष्ट सांगू लागलं की ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला ‘हं’ म्हणायचं, म्हणजे हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. मंगरूळपीर तालुक्यातल्या माझ्या दोन शिक्षकांच्या शाळेत मी तिसरीला वाचन असंच शिकवायचो. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. कळलं नाही तर गप्प राहायचं; मग वाचणारा तेच वाक्य पुन्हा वाचायचा. दोन वर्षं वर्गात तोंड न उघडलेली एक मुलगी याच नादाने वाचू लागली होती. मला तिचा फार अभिमान होता.

मग वरून वाचनवेगाची चाचणी आली. मिनिटात किती शब्द, एवढंच मोजायचं. वाचलेलं कळलं का, हे विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख तपासायला आले. त्यांनी बाकी वर्ग बाहेर काढला, मुलीला समोर बसवलं आणि मोबाइलवर वेळ लावली. तिने पहिलं वाक्य स्वच्छ वाचलं आणि थांबून साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. साहेब मोबाइलकडे पाहत होते. ती बिचारी हुंकाराची वाट पाहत बसली. मिनिट संपलं. ‘वाचता येत नाही,’ अशी नोंद झाली.

“साहेब, तिले येते. तुमी हं म्हना, मंग पाहा,” मी म्हणालो.

“हं म्हनाची सूचना वरून नाही,” साहेब म्हणाले.

वर म्हणजे कुठे, हे विचारू नये. तालुका वाशीमकडे बोट दाखवतो, वाशीम पुण्याकडे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या या मंडळींनी शेळी तरी पाहिली आहे का, कोण जाणे.

शिक्षकांच्या मासिक बैठकीत मी उभा राहून बोललो. कसं शिकवायचं ते वर्गातल्या माणसाला ठरवू द्या, म्हणालो. टाळ्या पडल्या, चहा झाला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनीच आपापल्या शाळेत वेगाचा सराव सुरू केला. माझा वाचनाचा तास काढून मुख्याध्यापकांकडे दिला गेला. शेजारच्या वर्गात बसून मला त्यांचं “चाल, चाल, थांबू नोको” ऐकू यायचं आणि डोकं भणभणायचं.

पुढच्या चाचणीला मी मुद्दाम दारात उभा राहिलो. मुलीने पहिलं वाक्य वाचलं. मी ‘हं’ म्हणालो.

ती मान वर न करता म्हणाली, “सर, मधात नोका बोलू. टाइम जाते.”