भरतनच्या दुकानावरचा प्रकल्प

थंकमणीचेच्ची मूळची शिंपीण. आमच्या केरळात ताईला चेच्ची म्हणतात. पय्यन्नूरच्या रस्त्याला तिचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान होतं. मशीन चालवून चालवून गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा आमच्या वाचनालयाच्या कमिटीनं तिला विचारलं, "ग्रंथपाल म्हणून बसशील का?"

"बसायचंच काम असेल तर बसते की," ती म्हणाली.

मी कमिटीचा खजिनदार. संध्याकाळी पेपर चाळायला जायचो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

एकदा शाळेची चार पोरं आपापले प्रकल्प मिरवत आत आली. विषय जलसंवर्धन. चौघांचं मुखपृष्ठ एकच, आतला धबधबाही एकच. शेवटच्या पानावर चौघांनीही 'माझी जिवलग मैत्रीण रेश्मा' हिचे आभार मानले होते.

"ही रेश्मा कोण रे?" चेच्चीनं विचारलं.

चौघं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक जण म्हणाला, "माहीत नाही, चेच्ची. भरतनच्या दुकानात विचारायला हवं."

भरतनचं दुकान बसस्टॉपसमोर. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि तयार प्रकल्प. विषय सांगायचा, चहा पिऊन यायचं, तोवर स्पायरल लावून हातात.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो तर कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकवलेला आणि या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी.

"हे काय गं? धुणं घेतलंस की काय वाचनालयात?"

"बघाल, बालेट्टा," ती म्हणाली. बालेट्टा म्हणजे मी; 'एट्टा' म्हणजे दादा.

त्या दोरीवर पोरांनी चिठ्ठ्या लावायच्या. जे कळेल ते एकेका चिठ्ठीवर लिहायचं, चिमट्यानं अडकवायचं, मग पुढेमागे करून बघायचं कशाला काय जुळतंय. पण दोरीपर्यंत जायच्या आधी चेच्चीला प्रश्न सांगावा लागे.

"माझा विषय पाऊस," एक पोरगा म्हणाला.

"पाऊस हा काय प्रश्न झाला? पावसाचं तुला नेमकं काय कळत नाही?"

पोरानं डोकं खाजवलं. "दरवर्षी आमच्याच अंगणात पाणी भरतं. शेजारच्यांकडे नाही. का ते कळत नाही."

"हां! आता सुरू झाला तुझा प्रकल्प. जा, दोन्ही अंगणांचा उतार बघून ये. आणि तुझ्या आजोबांना विचार, पूर्वीही भरायचं का म्हणून."

तिला स्वतःला सगळं येत होतं असं नाही. अडलं की सरळ सांगायची, "हे मला नाही कळत, चल, कुणाला कळतं ते शोधू." मग पुस्तकं उघडली जायची, कधी कृषी कार्यालयात फोन जायचा. येणारी पोरं वाढत गेली.

मग एका संध्याकाळी श्रीलया आली. नववीतली, भरतनची मुलगी. तिनं चिठ्ठी पुढे केली. चेच्चीनं ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि माझ्याकडे सरकवली. लिहिलं होतं, 'माझ्या बाबांच्या दुकानातून मुलं प्रकल्प का विकत घेतात?'

"प्रश्न चांगला आहे," मी म्हणालो.

"चांगला आहे हो! पण भरतन माझ्या मागच्या गल्लीत राहतो." मग ती पोरीकडे वळली. "बाबांवर राग आहे का तुझा?"

"नाही. पण वर्गात सगळे म्हणतात, तुला काय, तुझा प्रकल्प घरी आयताच. मला खरंच जाणून घ्यायचंय."

"आणि उत्तर काय ठरवलंयस?"

श्रीलया गोंधळली. "मुलं आळशी असतात म्हणून..."

"ते आधी डोक्यातून काढ. उत्तर खिशात घेऊन विचारायला गेलीस तर लोक बोलतील एक आणि तुला ऐकू येईल दुसरंच."

पोरगी गावभर फिरली. दोरी भरत गेली. 'विषय शुक्रवारी कळला, सोमवारी द्यायचा होता.' 'आई-बाबा कामावरून दमून येतात, विचारू कुणाला?' 'सुरुवात कशी करायची ते कुणी सांगितलंच नाही.' आळस कबूल करणारे दोघेच निघाले, तेही हसत हसत.

ही बातमी भरतनच्या कानावर गेलीच. तो जिना चढून आला तो तणतणतच.

"चेच्ची, माझ्याच पोरीला माझ्यावर सोडलंत? उद्या माझं दुकान बंद पडलं तर?"

श्रीलया कपाटामागे सरकली. चेच्चीचा चेहराही उतरला होता, मी पाहिलं. पण ती म्हणाली, "अरे भरता, ओरड खुशाल. पण बसून ओरड. सगळ्यांशी बोलून झालं तिचं, तुझ्याशीच बोलायचं राहिलंय."

"माझ्याशी कशाला?"

"दुकान कुणाचं आहे?"

तो बसला. मी खालच्या हॉटेलातून कट्टन, म्हणजे बिनदुधाचा चहा आणि केळ्याची भजी मागवली. श्रीलया हळूच पुढे आली आणि अगदी औपचारिकपणे म्हणाली, "तुम्ही हे काम कसं सुरू केलंत?"

भरतननं आधी आढेवेढे घेतले. मग बोलायला लागला, तो थांबेचना. एकदा दुकान बंद करताना एक बाई रडत आली होती, पोराला उद्या वर्गाबाहेर उभं करतील म्हणून. त्यानं बसून तिला प्रकल्प लिहून दिला. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन शेजारणी आल्या. "मला शाळेत निबंध कधी धड जमला नाही," तो म्हणाला, "पण हे लिहिताना मजा यायची गं. मग गर्दी वाढली आणि मी तेच तेच छापत बसलो."

"आणि रेश्मा कोण?" चेच्चीनं न राहवून विचारलं.

"त्या बाईच्या पोराची मैत्रीण. पहिल्या प्रकल्पात तिचं नाव आलं, ते तसंच राहून गेलं," भरतन भजी खात म्हणाला. "कुणी शेवटचं पान वाचतच नाही, मग कशाला काढू?"

श्रीलया इतकी हसली की चहा सांडला.

लिहायला बसल्यावर तिचं पहिलं वाक्यच अडलं. चेच्ची म्हणाली, "मधलं लिही आधी. हुक कधी मी पहिल्यांदा लावले नाहीत ब्लाउजला." तीनदा खोडून चौथ्यांदा ते जमलं.

शाळेत प्रकल्प मांडायच्या दिवशी आम्ही दोघंही गेलो. भरतन शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. श्रीलया एकेक चिठ्ठी वाचत गेली, रेश्माची गोष्टही तिनं सांगितली. शुक्रवार-सोमवारची गोष्ट आली तेव्हा शिक्षकांच्या रांगेत चुळबुळ झाली. ओमना टीचर मुख्याध्यापिका, भारी कडक. त्यांनी विचारलं, "किती जणांनी असं सांगितलं?"

"बहुतेक सगळ्यांनी, टीचर," श्रीलया म्हणाली.

टीचरांनी ते टिपून घेतलं. मग शिक्षकांकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या सत्रापासून विषय महिनाभर आधी द्यायचे. आणि शेवटचं पान वाचायचं." सगळं सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्यानं भरतन.

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं, फुलपाखरांवरच्या प्रकल्पाला. श्रीलयाला त्याचं थोडं वाईट वाटलं, घरी जाईपर्यंत.

आता शनिवारी भरतन आपला जुना संगणक उचलून वाचनालयात आणतो आणि पोरांना टाइप करायला शिकवतो. बाइंडिंग अजून त्याच्याच दुकानात. चेच्चीचं आणि त्याचं दर वेळी वाजतं. परवाच ती म्हणत होती, "तुझा तो पंखा असा घरघरतो, पोरांना विचार कसा सुचायचा?"

"चेच्ची, तो पंखा नाही, संगणक आहे."

"मग त्याला तेल घाल!"