दातांचा ठसा

नवऱ्याला, प्रेबेनला, माती देऊन आल्यावरही टोवेनं एक वर्ग चुकवला नव्हता. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात, संध्याकाळच्या शाळेत ती नवख्यांना प्रोग्रॅमिंग शिकवायची. हल्ली मात्र बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर टाकून ती खिडकीकडे बघत राहायची. म्हणून आज शाळेचा प्रमुख हेनिंग मागच्या बाकावर येऊन बसला होता.

जिन्यातच त्यानं सांगून टाकलं होतं, "आज नीट पार पडलं तर वर्ग तुझा. नाहीतर सोमवारपासून दुसरा कुणी घेईल. राग मानू नकोस, टोवे."

राग आला नाही. नवऱ्यामागे तिला काहीच येत नव्हतं, रडूसुद्धा.

तिनं टेबलावर काळ्या पावाची चकती, लोणी आणि सुरी मांडली.

"मी यंत्र," ती म्हणाली. "सांगाल तेवढंच करीन. पावाला लोणी लावून घ्या माझ्याकडून."

"सुरीवर लोणी घे, पावावर पसरव," सिग्ने म्हणाली. ती बेकरीत काम करायची. "दातांचा ठसा उमटेल एवढा थर होईपर्यंत हेच करत राहा."

"शाब्बास पोरी," आस्गर म्हणाला. त्याचा जन्म फेरीबोटीवर दोर ओढण्यात गेला होता. "ठसा उमटत नसेल तर ते लोणी नव्हे, नुसता वास."

सगळे हसले. टोवेनं लोणी लावलं. पुन्हा लावलं. पुन्हा.

"बायकोनं पाहिलं तर मला घराबाहेर काढेल," कुणीतरी म्हणालं. अजून हशा पिकला. लोणी कडांवरून टेबलावर उतरलं. सुरी चालूच होती. दरवर्षी या जागी टोवेच फस्सकन हसायची आणि धडा पुढे सरकायचा. आज तिचा चेहरा हलला नाही. हळूहळू हशा ओसरला.

"बास, टोवे," हेनिंग उठून म्हणाला. "घरी जा तू."

सुरी थांबली नाही. हात आपला नव्हेच, असं तिला वाटत होतं, आणि त्यात बरंच वाटत होतं.

"खाली बस रे, हेनिंग," आस्गर म्हणाला. "तिचं काय चुकलंय? ठसा उमटेपर्यंत, असं आपण म्हणालो. पण चावून बघ, असं कोण म्हणालं? न चावता तिला कळणार कसं?"

"अगं बाई," सिग्ने पुटपुटली. "आपण घरी चावतोच की. म्हणून सांगायचं राहिलं."

"मग सांग," आस्गर म्हणाला.

"टोवे, लोणी लावलंस की चावून बघ. ठसा असेल तर थांब."

टोवेनं सुरी फिरवली, चकती उचलली आणि चावा घेतला. कितीतरी दिवसांनी तिनं धड काही तोंडात घेतलं होतं. चव कळली नाही, फक्त गारवा कळला. लोण्यात तिच्या दातांची रांग उमटली होती. घरी प्रेबेन अशी चकती उंच धरून दाखवायचा.

तिनं ती उंच धरली. सुरी खाली ठेवली.

"कधी थांबायचं, एवढं सांगून भागत नाही," ती म्हणाली. "दर फेरीला तपासायलाही सांगावं लागतं. लिहून घ्या."

वर्ग सुटल्यावर हेनिंग दाराशी रेंगाळला. "मुद्दाम करत होतीस ना?"

टोवेनं विचार केला. "ठाऊक नाही."

त्यानं कोटाची बटणं लावली. "सोमवारी ये," म्हणाला, आणि गेला.

टेबल पुसून टोवे बाकावर बसली. उरलेली चकती तिनं सावकाश खाल्ली, प्रत्येक घासाला थांबून, ठसा बघत.