डाव्या पंखापाशी कोण होतं?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली. आमच्या जामखेडकडं दर दोन झाडांमागं एक मुंजा सांगतात, मला एकही भेटला नाही… तरी हे लिहितोय, कारण आता वय झालंय आणि पोटात ठेववत नाही.

लढाईच्या काळात नगरबाहेरच्या माळावर छोट्या विमानांची धावपट्टी होती. तिथं मी पंख धरायच्या कामावर होतो. हसू नका! ती विमानं जमिनीवर नाक वर करून चालत, वैमानिकाला समोरचं काही दिसायचं नाही. म्हणून पंखांच्या टोकांशी एकेक माणूस चाले. हात वर केला की थांब, खाली असला की चालू दे. मिरजगावच्या यूसुफभाईनं मला हे शिकवलं. नोकरीलाही त्यानंच लावलं. "काय बी हू दे, पंख सोडू नगंस," एवढंच सारखं सांगायचा.

एका सकाळी मी उजव्या पंखाशी होतो. यूसुफभाई पुढं, एका उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावत वाकलेला. वाऱ्यानं माझी टोपी उडाली — नवी कोरी, आदल्याच दिवशी घेतलेली — आणि मी पंख सोडून तिच्यामागं पळालो. चार पावलं फक्त. मागं कडाडकन आवाज झाला. त्या उभ्या विमानाच्या पंखात पंख अडकून आमचं विमान गर्रकन फिरलं, आणि नाकावरच्या फिरत्या पंख्याखाली यूसुफभाई जागीच गेला.

चौकशीत मी सांगितलं, "यूसुफभाईनंच मला 'येऊ दे' म्हणून खूण केली." वैमानिकाला आणि डाव्या पंखाच्या माणसाला काही दिसलंच नव्हतं. तसंच कागदावर आलं.

महिन्याभरानं, भर दुपारी… माणसं कमी, म्हणून मी एकटाच उजव्या पंखाशी. डावीकडं कुणीच नाही. वाटेतला दगड उचलायला पुढं धावलो आणि पाय मुरगळून नेमका विमानाच्या नाकापुढं पडलो. ओरडलो, पण इंजिनापुढं कोण ऐकतंय? विमान हातभर अंतरावर थांबलं.

वैमानिक पुण्याचे, त्याच आठवड्यात आलेले. घाईघाईनं खाली उतरले. "डाव्या पंखापाशी होता तो कुठं गेला?"

"कोण साहेब?"

"अरे, तो अनवाणी माणूस! एक हात वर, आणि दुसऱ्या हातानं बैलाला थोपटतात तसं हवेत थोपटत होता. त्याच्यामुळं वाचलास. नाव सांग त्याचं, शाबासकी द्यायला हवी."

तसं थोपटायची खोड एकट्या यूसुफभाईची. "कुणी नव्हतं साहेब," मी म्हणालो. पुन्हा एकदा मी त्याच्याशी बेइमानी केली.

धूळ, ऊन, भास — मीही मनाला तेच समजावलं. पण ज्यानं यूसुफभाईला कधी पाहिलंच नव्हतं, त्याला तो दिसावा कसा? आणि त्यानं मला का वाचवावं, हे तर मुळीच कळत नाही.

दोन दिवसांनी, खरं सांगून टाकायचंच असं ठरवून मिरजगावला गेलो. त्याच्या आईनं पाणी दिलं, समोर बसली. "कागद आलाय. त्याचीच चूक हुती म्हनं. खरं हाय का रं?"

"व्हय, चाची," मी म्हणालो. लिहायला लाज वाटते, पण म्हणालो.

मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून तिनं विचारलं, "तुला तर काई लागलं न्हाई ना, लेकरा?"