फुलबाईच्या वडिलांचं नाव

माझी कशी शोभा झाली ते चहा संपायच्या आत मीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून ऐकाल तर तिखटमीठ लावलेलं मिळेल.

समता कॉलोनीत माझ्या ताईचा दातांचा दवाखाना आहे. तिथल्या नोंदींसाठी मी स्विफ्ट या भाषेत अ‍ॅप लिहिलं. आणि काय लिहिलं म्हणता! माणसाचं नाव म्हणजे टपल, तीन खणांचा डबा: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. क्रम ठरलेला. जो खण रिकामा असू शकतो, तो ऑप्शनल. तो उघडताना प्रश्नचिन्ह टाकलं, तर आत काही आहे का ते आधी बघितलं जातं. उद्गारचिन्ह टाकलं, तर तुमच्या शब्दावर विश्वास; खण रिकामा निघाला की अ‍ॅप कोसळतं. मी शेवटच्या दोन्ही खणांवर उद्गारचिन्हं ठोकली. वडिलांच्या नावाशिवाय माणूस असतो का हो? आम्हा मराठी माणसांत तर सायकलच्या पावतीवरही तिन्ही नावं लागतात.

पहिल्या दिवशी नारळ फोडायला आम्हा दोघा भावंडांनी आई-बाबांना बोलावलं. ताईनं बजावलं, "हे बंद पडलं न, तर मी माझं रजिस्टर काढीन. मग याचं नावही काढू नको."

पहिली पेशंट फुलबाई, इथल्या हिंदी मुलखातली. बाबांच्याच वयाची, गाल सुजलेला. टॅबलेट घेऊन मीच बसलो.

"पूरा नाम, दीदी?"

"फुलबाई."

"आगे?"

"बस, फुलबाई. सब एही कहिथें."

दोन खण रिकामे सोडून मी बटण दाबलं. अ‍ॅप बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. बाबा चष्मा पुसून बघू लागले.

आतून ताई म्हणाली, "काहून थांबला रे? रजिस्टर काढू का?"

लॅपटॉप घरी, त्यामुळे तिथल्या तिथे दुरुस्तीही करता येईना. शेवटी फुलबाईलाच माझी दया आली. "त अपन बाप के नाम लिख दे न, बेटा. काम तो तोर अटके हे."

खोटं कशाला बोलू, तिच्या वडिलांच्या खणात माझ्याच बाबांचं नाव लिहिलं. आडनावही आमचंच टाकलं. अ‍ॅप झकास चाललं आणि मी कॉलर ताठ केली.

तेवढ्यात ताईनं पडद्यावर वाचून हाक मारली, "फुलबाई वसंतराव घाटोळे."

आईनं बाबांकडे पाहिलं.

"मले काय पाहून राहिली?" बाबा म्हणाले. "तुह्या पोट्ट्याले विचार."

मी सगळं कबूल केलं. त्याच संध्याकाळी प्रश्नचिन्हं टाकली. तेव्हापासून अ‍ॅप एकदाही अडलेलं नाही, ताईचं रजिस्टर माळ्यावर गेलं आहे, आणि याचा मला आजही अभिमान आहे.

फक्त त्या दिवशी बाबांनी उठून फुलबाईला आपली खुर्ची दिली आणि आईला म्हणाले, "काही म्हण, आपल्या तीन लेकरांत डोकं हिलेच आलं."